फॉर्म मांडायचा की कोड लिहायचा? दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी साधन निवडताना

पहाटे साडेपाचला किटल्या घेऊन रांग लागते. ऑपरेटर खातं नंबर मारतो, काट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) येतात, दर लागतो, पावती निघते, पुढचा माणूस सरकतो. दहा दिवसांनी याच नोंदींवरून पगार निघतो आणि त्यातून पशुखाद्य, उचल वगैरे कापून जातं. पलूस-भिलवडी असो की फलटण-कोरेगाव, गावातल्या दूध संस्थेचं काम थोड्याफार फरकाने असंच चालतं. असं सॉफ्टवेअर करून द्यायचं काम अंगावर आलं की पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे कशात करायचं.

साधनं ढोबळमानाने दोन जातींची. काहींत प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या समोर कोरा फॉर्म येतो. बाजूला बटणं, डबे, याद्या मांडलेल्या असतात, त्या ओढून आणायच्या आणि बटणावर दोनदा क्लिक करून मागे चार ओळी लिहायच्या. व्हिज्युअल स्टुडिओमधले विंडोज फॉर्म, लॅझारस, डेल्फी, ॲक्सेस, मोबाइलसाठी ॲप इन्व्हेंटर, क्लाउडवर पॉवर ॲप्स ही सगळी त्या घराण्यातली. पडदा असा ओढून मांडायच्या सोयीला डिझायनर म्हणतात. दुसऱ्या जातीत समोर फक्त मजकुराची फाइल असते. व्हीएस कोडमध्ये पायथन, सी शार्प किंवा जावास्क्रिप्ट लिहायचं, पडदासुद्धा ओळी लिहूनच उभा करायचा आणि चालवून बघायचा. अँड्रॉइड स्टुडिओसारखी काही साधनं दोन्हीकडे पाय ठेवून आहेत.

‘नवशिक्याने डिझायनर घ्यावा, जाणत्याने कोड’ असं सर्रास सांगितलं जातं. त्या सल्ल्यावर निवड करू नका. काम हातात आल्यावर बदल कुठून येणार आहेत ते बघा. पडदे बदलत राहणार असतील तर डिझायनर वेळ वाचवतो. नियम बदलत राहणार असतील तर तोच डिझायनर गळ्यात येतो, कारण नियम एकेका बटणामागे विखुरलेले सापडतात. दूध संस्थेत पडदे मोजून दहा-बारा असतात आणि एकदा बसले की वर्षानुवर्षं हलत नाहीत. दरपत्रक मात्र संस्थेचं दूध घेणाऱ्या संघाचा फोन आला की बदलतं.

आधी नियम मोजा

वही घेऊन दोन याद्या करा. एकीत पडदे: संकलन, खातेदार, दरपत्रक, कपात, बिल, अहवाल. दुसरीत नियम: एसएनएफ कसा काढायचा, दर कसा लावायचा, गाय-म्हैस वेगळं कसं, पूर्णांकन (राउंडिंग) कुठे करायचं, कपात कोणत्या क्रमाने. पहिली यादी लांब आणि दुसरी चार ओळींची असेल, उदाहरणार्थ कुपवाड एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या दुकानाचं चलन आणि साठा, तर डिझायनरवाल्या साधनात डोळे झाकून करा. दुसरी यादी वाढत चालली असेल तर नियमांना स्वतंत्र घर लागेल हे तिथेच ठरवून टाका.

नियम किती निसरडे असतात ते एसएनएफवरून कळतं. मशीन नसलेल्या किंवा बंद पडलेल्या ठिकाणी लॅक्टोमीटरची (दुधाची घनता दाखवणाऱ्या नळीची) डिग्री आणि फॅट यांवरून एसएनएफ काढतात. डिग्री २८ आणि फॅट ४.२ आली असं समजा. डिग्रीला ४ ने भागा, फॅटला ०.२ ने गुणून मिळवा, वर ०.१४ टाका: ७ + ०.८४ + ०.१४ म्हणजे ७.९८. दुसरं चालू सूत्र फॅटला ०.२५ ने गुणतं आणि ०.४४ मिळवतं: ७ + १.०५ + ०.४४ म्हणजे ८.४९. किटली तीच, दूध तेच, अर्ध्या पॉइंटचा फरक. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलेला आहे त्याप्रमाणे सूत्र बदलतं, म्हणून संस्था ज्या संघाला दूध घालते त्यांचं सूत्र लेखी मागून घ्या आणि ते एकाच ठिकाणी लिहा. हे सूत्र संकलनाच्या पडद्यामागे एकदा, दुरुस्तीच्या पडद्यामागे पुन्हा आणि अहवालात तिसऱ्यांदा चिकटवलं, तर पुढच्या बदलाला त्यातलं एक हमखास राहून जातं. मग पावती एक आकडा सांगते आणि बिल दुसरा.

साधन मागे काय ठेवतं ते बघा

निवडीची दुसरी कसोटी फारसं कोणी लावत नाही, आणि पाच वर्षांनी तीच नडते. बदल केल्यावर साधन डिस्कवर कोणत्या फाइली लिहितं आणि त्या तुम्हाला वाचता येतात का?

विंडोज फॉर्मवर बटण ओढलं की व्हिज्युअल स्टुडिओ फॉर्मच्या जोडीच्या ‘डिझायनर’ फाइलमध्ये इनिशिअलाइझ-कंपोनंट नावाच्या फंक्शनात ओळी लिहितो: बटणाची जागा, आकार, नाव, क्लिक झाल्यावर कोणाला बोलवायचं ते. फाइल साधी मजकुराची आहे, वाचता येते, जपून हात लावून दुरुस्तही करता येते. लॅझारसची एलएफएम फाइल तर याहून सुटसुटीत. वहीतल्या यादीसारखी दिसते. नेटबीन्स जावाच्या फाइलसोबत एक फॉर्म फाइल ठेवतं आणि नेटबीन्सने स्वतः तयार केलेला कोडचा भाग राखाडी करून बंद करतं, त्यात हाताने काही लिहिता येत नाही. ॲप इन्व्हेंटरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे खरं तर झिप असते. ती उघडता येते, पण ठोकळ्यांची आतली भाषा माणसाने वाचण्यासारखी नाही. ॲक्सेसमध्ये फॉर्म, अहवाल, कोड आणि डेटा एकाच बंद फाइलमध्ये असतात. काल काय बदललं हे त्यात शोधणं म्हणजे उसाच्या फडात सुई शोधणं.

हे स्वतः तपासायला वीस मिनिटं पुरतात. एक डबा आणि एक बटण असलेला फॉर्म करा, सेव्ह करा, पूर्ण फोल्डरची प्रत काढा. मग बटण थोडं उजवीकडे सरकवा, पुन्हा सेव्ह करा आणि दोन्ही फोल्डर विनमर्जसारख्या मोफत साधनात शेजारी ठेवून बघा. एक-दोन ओळी बदललेल्या दिसल्या तर साधन प्रामाणिक आहे. पन्नास ओळींची उलथापालथ झाली असेल तर दोघांनी मिळून काम करणं अवघड जाईल. काहीच वाचता येत नसेल तर रोजच्या झिप प्रतीवर भिस्त ठेवावी लागेल. एकट्याने काम करत असलात तरी गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरा. ‘मंगळवारपर्यंत बरोबर होतं’ असं संस्थेचे सचिव म्हणाले की मंगळवारचा कोड समोर ठेवता आला पाहिजे.

दोन तासांची परीक्षा

दोन साधनांत मन अडकलं असेल तर माहितीपत्रकं वाचत बसू नका. दोन्हींत एकच छोटं काम करा आणि घड्याळ लावा. संकलनाचा पडदा पुरे: खातं नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. तो चालू झाला की स्वतःलाच सचिवांच्या मागण्या द्यायच्या.

मागणी पहिली, फॅट आणि एसएनएफच्या मध्ये डिग्रीचा डबा हवा. डिझायनरमध्ये हे मिनिटाचं काम वाटतं आणि इथेच ठेच लागते. नवा डबा दिसायला मध्ये बसतो, पण त्याचा टॅब क्रमांक सगळ्यात शेवटचा असतो. ऑपरेटर फॅट टाकून पुढे गेला की कर्सर डिग्री ओलांडून एसएनएफवर जातो आणि सगळं झाल्यावर उलटा डिग्रीवर येतो. व्हिज्युअल स्टुडिओत व्ह्यू मेनूतल्या टॅब ऑर्डरमध्ये जाऊन डबे क्रमाने क्लिक करत गेलं की हे सुटतं. आणखी एक, डेअरीतला माणूस टॅब दाबत नाही. उजव्या हाताखालच्या आकड्यांच्या पट्टीवरचं एंटर दाबतो. फॉर्मचं की-प्रिव्ह्यू चालू करून एंटरवर पुढच्या डब्यात जाण्याची सोय दोन-तीन ओळींत होते. ती पहिल्याच दिवशी करा. रांगेतल्या लोकांना माउस शोधणारा ऑपरेटर परवडत नाही.

मागणी दुसरी, ११ तारखेच्या सकाळच्या सत्रापासून नवं दरपत्रक, पण १ ते १० चं बिल जुन्याच दराने पुन्हा छापता आलं पाहिजे. यात डिझायनरचा काही उपयोग नाही. दरपत्रकाच्या टेबलात लागू तारीख आणि सत्र हे रकाने ठेवले असतील तर एक चौकशी (क्वेरी) बदलून काम होतं, नसतील तर सगळं उकलावं लागतं. या मागणीला कोणत्या साधनात किती वेळ लागला तो आकडा पहिल्या मागणीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा धरा.

तिसरी, प्रोजेक्ट झिप करून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडा आणि चालवा. चालला नाही तर का नाही ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा एखादा बाहेरचा कंट्रोल (फॉर्मवर टाकायचा तयार घटक), एखादी जुनी ओसीएक्स (अशाच घटकाची जुन्या पद्धतीची फाइल) किंवा सी ड्राइव्हचा थेट पत्ता सापडतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ हा ६४ बिटचा आहे. त्याआधीचे ३२ बिटचे होते. फक्त ३२ बिटमध्ये चालणारी जुनी ओसीएक्स वापरणारा डॉट नेट फ्रेमवर्कचा फॉर्म त्याच्या डिझायनरात उघडताना अडतो, आणि दोष आपल्या कोडचा समजून माणूस दिवस घालवतो.

मशीनची वायर आणि डिझायनरचा फसवा सोपेपणा

फॅट मशीन आणि वजनकाटा बहुधा सिरियल पोर्टवर बोलतात. विंडोज फॉर्ममध्ये सिरियल पोर्टचा घटक ओढून टाकायचा, पोर्टचं नाव आणि बॉड रेट, म्हणजे वायरवरून आकडे येण्याचा वेग, भरायचा (मशीनच्या पुस्तिकेत असतो, ९६०० किंवा २४०० बऱ्याचदा), डेटा आल्याच्या घटनेत डब्यात आकडा टाकायचा. झालं, असं वाटतं. आणि पहिल्याच किटलीला ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन’ची चूक येते. कारण असं की ती घटना पडद्याच्या धाग्यावर (थ्रेडवर) घडत नाही, मागच्या दुसऱ्या धाग्यावर घडते, आणि पडद्यावरच्या डब्याला फक्त पडद्याच्या धाग्यानेच हात लावायचा असतो. डब्यात आकडा टाकण्याचं काम बिगिन-इन्व्होकमधून पडद्याकडे सोपवलं की चूक जाते.

दुसरा घोळ याहून वाईट, कारण त्यात चूक दिसतच नाही. मशीन ४.२ पाठवतं, पण वायरवरून ते एका दमात येईल याची हमी नसते. आधी ‘४.’ येतं, घटना घडते, मग ‘२’ येतं, घटना पुन्हा घडते. आलेलं लगेच डब्यात टाकलं तर कधी ४, कधी ४.२, कधी नुसतं २. चालताना शंभरातल्या पंच्याण्णव वेळा बरोबर येतं, म्हणून तुमच्या टेबलावर सापडत नाही, संस्थेत सापडतं. उपाय साधा आहे. जे येईल ते एका तात्पुरत्या ओळीत साठवत जा, ओळ संपल्याची खूण आली की मगच ती ओळ वाचायला द्या आणि साठा रिकामा करा. काटा तर सतत आकडे ओकत असतो, तिथे लागोपाठ तीन वाचनं सारखी आल्यावरच वजन पक्कं धरा.

वाचलेल्या ओळीतून आकडे काढणारं फंक्शन फॉर्ममध्ये ठेवू नका. ते वेगळ्या फाइलमध्ये असलं तर मशीन नसताना, मजकुराच्या फाइलमधल्या शंभर ओळी त्याला देऊन तपासता येतं. फॉर्ममध्येच अडकवलं तर प्रत्येक तपासणीला भिलवडी गाठावी लागते.

यूएसबी ते सिरियल अशी जोडणी वापरली असेल तर वायर दुसऱ्या खाचेत लावली की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक पक्का करता येतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट निवडायची यादी द्या. डिझायनरच्या खिडकीत कायमचा भरून ठेवलेला पोर्ट बदलायला पुन्हा प्रोजेक्ट उघडावा लागतो, आणि तो उघडायला तुम्ही सकाळी साडेपाचला तिथे नसता.

पैशाचे आकडे

हे कोणत्याही साधनात चुकतं. डिझायनरमध्ये जास्त चुकतं, कारण डब्यातला मजकूर आकड्यात बदलून तिथल्या तिथे गुणाकार करायचा मोह होतो.

दशांशाचे आकडे डबल प्रकारात (यात दशांश तंतोतंत बसत नाहीत) ठेवले तर ०.१ दहा वेळा मिळवून १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. फॅट ३.० पासून ५.० पर्यंत आणि एसएनएफ ८.० पासून ९.० पर्यंत, दोन्ही ०.१ च्या टप्प्याने घेतले तर दरपत्रकात २१ गुणिले ११ म्हणजे २३१ घरं होतात, आणि असा घसरलेला आकडा घेऊन त्यातलं घर शोधायला गेलं की घर सापडत नाही. फॅट ४.२ ला ४२ असा पूर्णांक म्हणून साठवा, छापताना दहाने भागा. रकमेसाठी सी शार्पमध्ये डेसिमल प्रकार आहेच. ही २३१ घरं फॉर्मवर २३१ डबे ओढून करणारेही असतात. ते करू नका. एक ग्रिड टाका आणि दरपत्रक फाइलमधून वाचा.

आता पूर्णांकन. २.५ लिटर, दर ३५.२५. गुणाकार ८८.१२५. सचिवांच्या वहीत ८८.१३. डॉट नेटचं राउंड फंक्शन मात्र न सांगता ८८.१२ देतं, कारण बरोबर अर्धा उरला की ते जवळच्या सम आकड्याकडे झुकतं. व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) आणि ॲक्सेसमधलं राउंडही तसंच. एक्सेलच्या घरातलं राउंड शाळेत शिकल्यासारखं वर नेतं. त्यामुळे एक्सेलवर ताळा बघितला तर पैशापैशाचा फरक येतो, आणि पैशाचा फरक आला की संस्थेचा विश्वास रुपयाएवढा उडतो. डॉट नेटमध्ये राउंडला ‘शून्यापासून दूर’ हा पर्याय स्पष्ट द्या, आणि पूर्णांकन नोंदीला करायचं की बिलाच्या बेरजेला, हे एकदाच, एकाच फंक्शनात ठरवा.

क्लाउडवरची ओढा-टाका साधनं

पॉवर ॲप्समध्ये दुपारभरात मोबाइलवर चालणारा संकलनाचा पडदा उभा राहतो, हे खरं. पण त्याच्या पोटात एक मर्यादा आहे. डेटा एक्सेल किंवा शेअरपॉइंटवर ठेवला आणि बेरजेसारखं काम त्याला डेटाच्या जागी करता आलं नाही, तर ते पहिल्या ५०० नोंदी आणून त्यांच्यावरच करतं. सेटिंगमध्ये हा आकडा वाढवून जास्तीत जास्त २००० होतो. ३०० खातेदार, दोन सत्रं, म्हणजे दिवसाला ६०० नोंदी, दहा दिवसांच्या ६०००. बेरीज अर्धवट येईल आणि वापरणाऱ्याला कसलीही चूक दिसणार नाही. इशारा फक्त तुम्हाला, डिझायनरमधल्या छोट्या त्रिकोणात दिसतो. तो त्रिकोण दिसला की थांबा. शिवाय इथे दरमहा माणशी पैसे लागतात, ते संस्थेला आधीच सांगा.

ॲक्सेसला नावं ठेवायची फॅशन आहे. एका संगणकावर, एका ऑपरेटरसाठी, गटवार बेरजांचे अहवाल लवकर हवे असतील तर त्याचा अहवाल-डिझायनर आजही झकास चालतो. २ जीबीची मर्यादा ध्यानात ठेवा, डेटाची फाइल आणि पडद्यांची फाइल वेगळी करा, आणि वायफायवरून दुसऱ्या संगणकाने ती डेटाची फाइल उघडायची नाही. मधेच जोडणी तुटली, वीज गेली, की फाइल बिघडते. दोन संगणक आले की डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस किंवा पोस्टग्रेससारख्या ठिकाणी न्या.

ॲप इन्व्हेंटर शाळेतल्या मुलांना शिकवायला आणि सचिवांना नमुना दाखवायला चांगलं. त्यात हिशेबाचं काम करू नका.

पडद्यावरची मराठी

डिझायनरात इंग्रजी लेबल टाकून मांडणी केली आणि शेवटी मराठी भरली तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. लेबलचा ऑटोसाइझ चालू ठेवा, ग्रिडच्या ओळीची उंची मराठी मजकूर टाकूनच ठरवा. विंडोज ८ पासून निर्मला यूआय सोबत येतो. मंगल हा जुना फॉण्ट विंडोज १० पासून पूरक फॉण्टांत गेला आहे, सगळ्या संगणकांवर असेलच असं नाही, आणि नसला की दुसरा फॉण्ट येऊन रुंदी बदलते. नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टात साठवली असतील तर नावांची अकारविल्हे यादी लागणार नाही, शोधही चालणार नाही. हे साधन बदलून सुटत नाही, आधी डेटा युनिकोडमध्ये आणावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरवर नावाचा रकाना एनव्हारकॅर (युनिकोड साठवणारा प्रकार) ठेवा, नाहीतर ‘पाटील’च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते.

तुमच्या लॅपटॉपचं स्केलिंग १५० टक्के असेल तर व्हिज्युअल स्टुडिओ वर पिवळी पट्टी दाखवून १०० टक्क्यांवर पुन्हा सुरू करायला सांगतो. ते ऐका. न ऐकता फॉर्म उघडून सेव्ह केला की सगळ्या डब्यांचे आकार नव्याने लिहिले जातात आणि संस्थेच्या जुन्या मॉनिटरवर बटणं एकमेकांवर चढतात. पडदा ओळी लिहून करणाऱ्यांना हा त्रास जवळपास नसतो, कारण ते जागा पिक्सेलमध्ये न सांगता ‘याच्या खाली, त्याच्या शेजारी’ अशी सांगतात. डिझायनरमध्येही टेबल-लेआउट पॅनेल टाकून हे साधतं, फक्त सुरुवातीला हात बसायला वेळ लागतो.

पावतीच्या थर्मल प्रिंटरवर ५८ मिमी कागदाला साधारण ३८४ ठिपके, ८० मिमीला ५७६ ठिपके रुंदी मिळते. प्रिंटरच्या आतल्या अक्षरसंचात देवनागरी सहसा नसते, म्हणून पावती चित्र म्हणून आखून पाठवावी लागते. हे काम कोडचं आहे, कोणताही डिझायनर यात हात देत नाही.

तर मग काय घ्यायचं

एक संगणक, वायरने जोडलेली मशीन, प्रिंटर, भरवशाचं इंटरनेट नाही: विंडोज फॉर्म किंवा लॅझारस. पडदे डिझायनरमध्ये मांडा, पण एकाच सोल्यूशनमध्ये (प्रोजेक्ट एकत्र बांधणाऱ्या गाठोड्यात) दोन प्रोजेक्ट ठेवा. एकात फॉर्म, दुसऱ्यात दर, एसएनएफ, पूर्णांकन, बिल. दुसऱ्या प्रोजेक्टला फॉर्मचा पत्ताही माहीत नसावा. फॉर्मच्या मागे असलेल्या कोणत्याही फंक्शनात दहापेक्षा जास्त ओळी झाल्या की समजा नियम चुकीच्या घरात शिरला.

पाच-सहा गावांची केंद्रं, संघाला एकाच ठिकाणी आकडे हवेत: वेबवर जा आणि कोडवालं साधन घ्या, व्हीएस कोड पुरेसं आहे. मात्र केंद्रावर नेट गेलं तरी नोंद थांबू नये म्हणून नोंदी आधी तिथल्याच संगणकावर साठवून मग वर पाठवायच्या. व्हीएस कोडमध्ये विंडोज फॉर्मचा डिझायनर नाही. तोच फोल्डर उघडून कोड बदलता येतो, पडदा ओढता येत नाही. नियमांचा प्रोजेक्ट वेगळा असेल तर दिवसभर हलक्या व्हीएस कोडमध्ये काम करून पडद्यापुरता व्हिज्युअल स्टुडिओ उघडणं छान जमतं. दुकानाच्या दर्शनी पडद्यासारखं दिसण्याला महत्त्व असेल, सातारच्या राजवाड्याजवळच्या एखाद्या पेढ्यांच्या दुकानाचा दरफलक म्हणा, तर डब्ल्यूपीएफ (विंडोजवर सजवलेले पडदे करायची दुसरी पद्धत) घ्या. तिथे व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं ब्लेंड सजावटीला आणि हालचालींना बरं पडतं. ब्लेंड आणि व्हिज्युअल स्टुडिओ दोन्हींत एकच सोल्यूशन उघडतं. एकातून दुसऱ्यात जाताना सगळं सेव्ह करून जा, नाहीतर ‘फाइल बाहेरून बदलली आहे’ असं विचारणाऱ्या खिडकीत चुकीचं उत्तर जाऊन तासाभराचं काम पुसतं.

परवान्याचं: व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या माणसाला मोफत आहे, त्यात केलेलं सॉफ्टवेअर विकताही येतं. छोट्या फर्ममध्ये पाच जणांपर्यंत चालतं. व्हीएस कोड आणि लॅझारस मोफत. जागेचं: व्हिज्युअल स्टुडिओला डिस्कवर २० जीबीच्या पुढे मोकळी जागा धरा, व्हीएस कोडला अर्धा जीबी. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते. इम्युलेटरही चालवायचा तर १६, किंवा मग इम्युलेटर सोडून वायरने खरा मोबाइल जोडा.

डिझायनर उघडायलाच नकार देतो तेव्हा

लाल-पांढरा पडदा येतो आणि फॉर्म दिसत नाही. घाबरून नवा फॉर्म करायला घेऊ नका. दोनच कारणं वारंवार सापडतात.

बटणावर चुकून दोनदा क्लिक झालं, रिकामं फंक्शन तयार झालं, ते तुम्ही कोडमधून पुसलं. डिझायनर फाइलमध्ये मात्र त्या फंक्शनला बोलावणारी ओळ तशीच राहिली. चुकीच्या यादीत त्या फंक्शनचं नाव असतं, त्यावर क्लिक करा, तेवढी एक ओळ पुसा, फॉर्म परत येतो. दुसरं, तुम्ही स्वतः केलेला कंट्रोल जन्मतःच डेटाबेस उघडायला बघतो. डिझायनर फॉर्म दाखवण्यासाठी तो कंट्रोल खरोखर चालवतो, त्याला डेटाबेस मिळत नाही, आणि सगळं अडतं. कन्स्ट्रक्टरमध्ये (कंट्रोल जन्मताना चालणाऱ्या फंक्शनात) डिझाइन-मोड नावाचा गुणधर्म तपासून फायदा नाही, तिथे तो नेहमी खोटाच असतो. लायसन्स-मॅनेजरचा यूसेज-मोड बघा, किंवा डेटाबेसचं काम तिथून काढून फॉर्म दिसल्यानंतर करा.

जुनं व्हीबी ६ चं सॉफ्टवेअर ताब्यात आलं तर

या भागातल्या कपाटांत अशी अजून आहेत. व्हीबी ६ १९९८ चं. त्याच्या लिहिण्याच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये संपवला, पण तयार केलेला प्रोग्राम चालवणारं रनटाइम आजच्या विंडोजमध्ये आहे, म्हणून ते चालत राहतं. संस्था ‘जसंच्या तसं नवं करून द्या’ म्हणेल. पडद्यांची नक्कल करायला आधी बसू नका. एफआरएम फाइली नोटपॅडमध्ये उघडा: वर फॉर्मचं वर्णन असतं, खाली कोड. सगळ्या फाइलींत ‘राउंड’, ‘फॉरमॅट’ आणि गुणाकाराचं चिन्ह शोधून नियम कागदावर उतरवा. फॉरमॅट अर्ध्याला वर नेतं आणि राउंड समाकडे झुकतं, त्यामुळे कुठे काय वापरलं आहे तेही लिहा. मग मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी नव्या नियमांच्या प्रोजेक्टमधून चालवून प्रत्येक बिल पैशापर्यंत जुळवा. ते जुळल्यावर पडदे मांडायला घ्या. आणि फोल्डरची प्रत काढताना एफआरएमच्या जोडीची एफआरएक्स फाइलही घ्या. चित्रं आणि याद्यांमधल्या नोंदी तिच्यात असतात, ती मागे राहिली की फॉर्म चुका दाखवत उघडतो आणि कपातीच्या प्रकारांची यादी रिकामी दिसते.